मुडदुसाचे कोडे आणि गव्हाचे पीठ

इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, तस्कनी प्रांतात, कोसा नावाच्या प्राचीन रोमन नगराचे भग्नावशेष पसरलेले आहेत. तेथील उत्खननात २००८ साली एका तरुण स्त्रीचा सांगाडा संशोधकांच्या हाती आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ही स्त्री मृत्युसमयी अठरा ते वीस वर्षांची असावी, परंतु तिची उंची सुमारे १४० सेंटिमीटर, म्हणजे दहा वर्षांच्या मुलीला शोभेल एवढीच, भरली. तिची हाडे विरळ व दुर्बळ झालेली होती आणि दीर्घकालीन कुपोषणाच्या खुणा सांगाड्यावर स्पष्ट दिसत होत्या. सोबत पुरलेले सोन्याचे व कांशाचे अलंकार पाहता ती संपन्न घराण्यातली होती हे उघड होते. मग जिच्या घरी धान्याची कोठारे भरलेली असणार, तिच्या देहाला ही उपासमार कोणी भोगविली, असा प्रश्न पडावा हे स्वाभाविकच होते. पुढे तिच्या अवशेषांतून मिळविलेल्या जनुकद्रव्यात सीलिअॅक रोगाशी निगडित असलेली आनुवंशिक खूण सापडली. नुसत्या खुणेने रोग सिद्ध होत नाही, कारण ती धारण करणारे बहुतेक लोक आयुष्यभर निरोगी राहतात. तथापि खुजेपणा, विरळ हाडे, सुस्थितीतील घर आणि ही खूण एवढे साक्षीदार एकाच बाजूने बोलू लागल्यावर संशोधकांचा संशय कोणीकडे वळला हे सांगावयास नको.

हा रोग मूलतः आतड्याचा. गहू, सातू आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे एक चिकट प्रथिन असते. ज्यांच्या प्रकृतीत जन्मतः तशी प्रवृत्ती आहे त्यांच्यापैकी काहींच्या पोटात हे प्रथिन गेले म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते, ते अस्तर झिजून सपाट होते, आणि खाल्लेले अन्न अंगी न लागता वाहून जाते. आज एवढे तीन ओळींत सांगता येते. परंतु ते कळावयास वैद्यकशास्त्राला पाऊणशे वर्षे लागली, आणि त्या पाऊणशे वर्षांत मुलांच्या हाडांनी अनेकदा साक्ष देऊनही ती नीट वाचली गेली नाही. पोटाच्या रोगाचा इतिहास हाडांच्या बाजूने सांगण्याचा जो खटाटोप येथे केला आहे, तो त्यासाठीच.

ग्रीक वैद्य अरेटियस याने दीड-दोन हजार वर्षांपूर्वी अशा जुनाट अतिसाराचे वर्णन करून ठेवले होते, परंतु त्याच्या डोळ्यांसमोर मुख्यतः प्रौढ व वृद्ध रोगी होते. मुलांच्या रोगाचे पहिले शास्त्रशुद्ध चित्र रेखाटण्याचा मान लंडनच्या सॅम्युएल जी या वैद्याकडे जातो. ५ ऑक्टोबर १८८७ रोजी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात त्याने एक व्याख्यान दिले आणि पुढल्या वर्षी ते सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात छापले गेले. एक ते पाच वर्षांची मुले, फुगलेले पोट, काडीसारखे हातपाय, फिकट व दुर्गंधीयुक्त विपुल मळ, आणि महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, कणाकणाने होणारी झीज, असे ते चित्र. हिंदुस्थानातून परत आलेल्या इंग्रजांनाही अशीच व्याधी जडलेली आढळते, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. ती बहुधा उष्ण प्रदेशातील संग्रहणी असावी, आणि ती निराळी, परंतु वरवर पाहता दोन्हींत फरक करणे त्या काळी कोणालाच शक्य नव्हते. मृत मुलांची आतडी उघडून पाहिली तरी डोळ्यांना काहीच वावगे दिसत नाही, अशीही प्रांजळ कबुली त्याने दिली. यात त्याच्या दृष्टीचा दोष नव्हता. आतड्याचे नाजूक अस्तर मृत्यूनंतर काही तासांतच विरघळू लागते, आणि सूक्ष्म पुरावा शवचिकित्सेच्या टेबलापर्यंत पोहोचण्यापूर्वीच नाहीसा होतो.

जीच्या व्याख्यानात एक वाक्य असे होते की त्यावर पुढील सारा इतिहास उभा राहिला: रोगी बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, अशा आशयाचे. या आहाराचा त्याने जो तपशील दिला तो मात्र आज वाचताना मन थबकते. पिष्टमय अन्न कमी द्यावे असे त्याने सांगितले, भात, साबुदाणा आणि मक्याचे पीठ यांना त्याने सरळ मनाई केली, आणि पाव मात्र पातळ कापून दोन्ही बाजूंनी चांगला भाजून द्यावयास हरकत नाही अशी सवलत ठेवली. म्हणजे निरपराध पदार्थ तेवढे हद्दपार झाले आणि खरा गुन्हेगार कपडे बदलून पंक्तीला बसला. त्याच व्याख्यानात एका मुलाची हकीकत आहे. त्याला डच शिंपल्यांवर ठेवले असता तो झपाट्याने सुधारला. शिंपल्यांचा हंगाम संपताच पुन्हा खालावला, आणि पुढल्या हंगामी त्याने शिंपले तोंडात घेण्याचेच नाकारले. त्या मुलाचा कंटाळा समजण्यासारखा आहे. शिंपल्यांनी पोट भरले असता ताटातून काय वगळले जात होते, याची चौकशी मात्र राहून गेली.

यानंतरच्या चाळीस वर्षांत मतांची गर्दी झाली. न्यू यॉर्कच्या ख्रिश्चन हर्टर याने १९०८ साली या मुलांवर एक ग्रंथ लिहिला आणि आतड्यातील जंतूंना दोषी ठरविले. रोगाला पुष्कळ दिवस जी आणि हर्टर यांचे जोडनाव चिकटून राहिले ते त्यामुळे. हर्टरच्या ग्रंथाच्या नावातच ‘शिशुत्व’ हा शब्द आहे, आणि तो यथार्थ होता, कारण आठ-नऊ वर्षांची मुले तीन-चार वर्षांच्या मुलांएवढी दिसत आणि वर्षामागून वर्षे तशीच राहत. जॉन हाउलंड याने १९२१ साली कर्बोदकांवर ठपका ठेवून दुधाच्या प्रथिनांपासून पायरीपायरीने चढत जाणारा आहार सुचविला. १९२४ साली सिडनी हास याने केळ्यांचा प्रसिद्ध उपचार पुढे आणला आणि त्याने अनेक मुले खरोखरच वाचली. त्याच्या हाती एक विलक्षण धागाही आला होता: पोर्तो रिको बेटावर पाव खाणाऱ्या शहरी लोकांना संग्रहणी होते आणि केळ्यांवर राहणाऱ्या शेतकऱ्यांना होत नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. परंतु त्याने श्रेय दिले केळ्याला. पावाला दोष देण्याचे त्याच्या मनात आले नाही, आणि पुढे पुरावा समोर येऊनही तो आपल्या मतापासून हटला नाही. त्याच्याही आधी, १९१८ साली, लंडनच्या फ्रेडरिक स्टिल याने रॉयल कॉलेजातील व्याख्यानांत पावाने ही लक्षणे विशेष बळावतात असे उघड म्हटले होते. बोलणारा मातब्बर होता, ऐकणारे जाणते होते; तरी ते वाक्य हवेत विरून गेले. ज्या समाजात भाकरी हा अन्नाचाच पर्याय असतो, ज्याच्या प्रार्थनेतही रोजच्या पावाची याचना असते, त्या समाजात पावावर फिर्याद दाखल करून घेण्यास कोणी न्यायाधीश सहसा राजी होत नाही.

हाडांकडे प्रथम बारकाईने पाहिले ते बर्मिंगहॅमच्या लिओनार्ड पार्सन्स याने. बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे, धुराने आकाश झाकलेले शहर. तेथे मुडदूस हा गरीब वस्त्यांतल्या मुलांचा नित्याचा रोग होता, आणि तो ओळखण्यात तेथील डॉक्टरांचा हातखंडा असे. शिवाय तो काळही मुडदुसाच्या संशोधनाचा भरभराटीचा काळ होता. मेलनबीने लंडनमध्ये कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून आहारातील उणिवेने मुडदूस होतो हे दाखविले होते. बर्लिनमध्ये हुलडशिन्स्की याने १९१९ साली पाऱ्याच्या दिव्याच्या किरणांनी मुडदूस बरा करून दाखविला. अमेरिकेत मॅककॉलम याने १९२२ च्या सुमारास कॉड माशाच्या तेलातील त्या घटकाला ‘ड’ जीवनसत्त्व असे नाव दिले. ऊन, माशाचे तेल आणि चुना, या तीन उपायांनी हाडांचा प्रश्न कायमचा निकालात निघाला, अशी एक प्रसन्न समजूत वैद्यकीय वर्तुळांत पसरली होती. अशा वेळी, १९२७ साली, पार्सन्सने मूत्रपिंडाच्या व आतड्याच्या जुनाट रोगांनी खुरटलेल्या मुलांच्या अस्थिविकारांवर दोन भागांचा दीर्घ निबंध प्रसिद्ध केला, आणि त्या समजुतीला न जुमानणारी मुले ओळीने उभी केली.

या मुलांचे वय नेहमीच्या मुडदुसाचे नव्हते. साधा मुडदूस रांगत्या, पावले टाकू लागलेल्या मुलांना होतो. ही मुले पाच, सात, कधी दहा-बारा वर्षांची. कोणाचे गुडघे आत वळलेले, कोणाच्या मांडीचे हाड धनुष्यासारखे वाकलेले, तर कोणाचे पलंगावर कूस बदलताना होणाऱ्या क्षुल्लक धक्क्याने मोडलेले. काहींच्या रक्तातील कॅल्शियम इतके घटलेले असे की हाताची बोटे अकस्मात ताठ होऊन तळव्याकडे वळत आणि मूल वेदनेने ओरडू लागे. क्ष-किरणांच्या चित्रात या हाडांची छाया फिकी पडे. बाहेरील कठीण कवच कागदासारखे पातळ झालेले, आतील जाळी विरळ, आणि लांब हाडांच्या टोकांशी काही आडव्या रेषा, ज्या वाढ थांबल्याच्या आणि पुन्हा सुरू झाल्याच्या खुणा म्हणून त्या काळी नुकत्याच ओळखल्या जाऊ लागल्या होत्या. शेताच्या बांधांवरून जमिनीच्या वाटण्या कळाव्यात, तशी त्या रेषांवरून त्या मुलाच्या आजारपणाची सालवारी लावता येई.

खरे कोडे मात्र पुढेच होते. मूल अगदी खंगलेले असे, वजन काही केल्या वाढत नसे, तेव्हा त्याची हाडे विरळ असूनही त्यात मुडदुसाची लक्षणे फारशी दिसत नसत. आणि आहाराच्या उपचाराने पोट थोडे सावरले, मळ सुधारला, मूल हसू-खेळू लागले आणि उंचीत बोट-अर्धे बोट भर पडली, की नेमक्या त्याच सुमारास मनगटे जाड होऊ लागत आणि पाय वाकू लागत. आईबापांच्या दृष्टीने हा उपचाराचा सूडच होता. मूल अंथरुणाला खिळलेले होते तेव्हा त्याचे पाय सरळ होते, आणि ते चालू लागले तेव्हा वाकडे झाले! परंतु यामागील कारण अत्यंत साधे आहे. मुडदूस हा वाढीचा रोग आहे. हाडाच्या टोकाशी कूर्चा नव्याने तयार होत जाते आणि चुना येऊन ती घट्ट करतो. वाढच ठप्प असेल तर नवी कूर्चाही नाही आणि चुन्याची मागणीही नाही. वाढीची आज्ञा सुटली, कूर्चेने काम सुरू केले, पण चुन्याची रसद पूर्वीइतकीच तुटपुंजी राहिली, म्हणजे ती मऊ कूर्चा शरीराच्या भाराखाली वाकते. ही मुले बरी होत होती म्हणूनच त्यांना मुडदूस होत होता. आणि ती अर्धवटच बरी होत होती, हे त्यांची हाडे सांगत होती.

रसद का पोहोचत नाही, याचाही उलगडा हळूहळू होत गेला. कॅल्शियम मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी वरच्या भागात शोषले जाते, आणि हा रोग सर्वांत अधिक हानी करतो तीही तेथेच. ‘ड’ जीवनसत्त्व स्निग्धात विरघळणारे. अन्नातील स्निग्धांशच न पचता बाहेर पडत असेल तर तेही त्याच्यासोबत निघून जाते. त्यावर कडी म्हणजे, न पचलेली स्निग्धाम्ले आतड्यातल्या कॅल्शियमशी संयोग पावून त्याचा अक्षरशः साबण करतात, आणि जो काही चुना शोषला गेला असता तोही या साबणाच्या रूपाने वाया जातो. रक्तातील कॅल्शियम मात्र शरीराला ठरावीक मर्यादेत राखावेच लागते, कारण हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. मग गळ्यातील परावटू ग्रंथी आपला अंमल जारी करतात आणि हाडांच्या खजिन्यातून कॅल्शियमची उचल सुरू होते. अशा स्थितीत मुलाला कॉडच्या तेलाचे चमचे पाजणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. दिव्याच्या किरणांनी थोडा लाभ होई, कारण त्वचेत तयार झालेल्या जीवनसत्त्वाला आतड्याची परवानगी लागत नाही. परंतु कॅल्शियमचे काय? ते तर आतड्यातूनच यावयाचे. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या ७३ रोगी मुलांचा आढावा १९३९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्के होते. त्या पिढीतील डॉक्टर निष्काळजी होते असे कोणी म्हणू नये; त्यांनी हाडांचे जे वर्णन करून ठेवले आहे ते आजही जवळजवळ जसेच्या तसे मान्य करावे लागते. त्यांनी केले ते एवढेच, की जमाखर्चातील तूट पाहिली आणि जमेच्या बाजूला रक्कम वाढवीत राहिले. गळती कोठे आहे हे शोधण्याचा मार्ग त्यांना सापडला नाही.

तो सापडला हेग शहरात. विलेम कारेल डिके हा १९०५ साली जन्मलेला डच बालरोगतज्ज्ञ वयाच्या एकतिसाव्या वर्षी, १९३६ साली, तेथील युलियाना बालरुग्णालयाचा प्रमुख झाला. त्याच्या आधीचे प्रमुख स्टेमान यांनाही पावाविषयी संशय होताच. डिकेने चौथ्या दशकाच्या मध्यापासून काही मुलांना दीर्घकाळ गव्हाविना ठेवून पाहण्यास आरंभ केला, आणि १९४१ साली डच वैद्यकीय नियतकालिकात या मुलांसाठी एक साधा आहार सुचविणारा लेख लिहिला. त्या वेळी हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होते आणि त्याचा लेख डच भाषेत होता. समुद्रापलीकडे त्याची कोणी दखल घेतली नाही यात नवल ते काय?

मग १९४४ चा हिवाळा आला. सप्टेंबरात लंडनस्थित डच सरकारच्या हाकेसरशी रेल्वे कामगारांनी संप पुकारला आणि त्याची शिक्षा म्हणून जर्मनांनी पश्चिम हॉलंडची अन्नवाहतूक रोखून धरली. शिधा घटत घटत दिवसाला हजार उष्मांकांच्या पुष्कळ खाली गेला. लोक साखरेची बीटे आणि ट्युलिपचे कंद शिजवून खाऊ लागले, आणि सुमारे वीस हजार माणसे त्या हिवाळ्यात मरण पावली. या सार्वत्रिक अन्नान्नदशेत पाव दुर्मीळ झाला असता सीलिअॅकची मुले मात्र तितकीशी खालावली नाहीत. आणि १९४५ च्या वसंतात मदतीचा पाव पुन्हा मिळू लागताच त्यांचा रोग उफाळून आला, अशी हकीकत सांगितली जाते. आकाशातून मित्रराष्ट्रांच्या विमानांनी पाव टाकला आणि डिकेच्या डोक्यात प्रकाश पडला, असे तिचे एक नाट्यमय रूपही प्रचलित आहे. ते मनोवेधक असले तरी मला पटत नाही. दुष्काळाच्या आधी दहा वर्षे तो माणूस एकेका मुलाच्या ताटातला पाव काढून आणि परत वाढून वजनाचे आलेख काढीत बसला होता, आणि हिवाळ्याने फार तर त्याच्या संशयाला एक भयंकर साक्ष मिळवून दिली. शोधाच्या कथेला विमान हवेसे वाटते, वजनकाटा नव्हे. पण श्रेय वजनकाट्याचे आहे.

युद्धानंतर उट्रेख्तचे बालरोगतज्ज्ञ वायर्स आणि रसायनतज्ज्ञ फान द कामर त्याला येऊन मिळाले. मळातील स्निग्धांश झटपट व अचूक मोजण्याची पद्धती फान द कामर व त्याच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली प्रसिद्ध केली, आणि ‘मूल बरे दिसते’ या मोघम वाक्याच्या जागी ग्रॅमचा आकडा रुजू झाला. डिकेने १९५० साली उट्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात निष्कर्ष निःसंदिग्ध होता: गव्हाचे व रायचे पीठ अपाय करते, तांदूळ, मका, बटाटा करीत नाहीत, एवढेच नव्हे, तर गव्हातील निव्वळ सत्त्व, म्हणजे पिष्ट, तेही करीत नाही. ज्या कर्बोदकांना पन्नास वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते, ती निर्दोष सुटली. पिठातील पिष्ट धुऊन काढले की मागे उरतो तो चिकट गोळा ग्लूटेनचा. तोच दोषी, हे शार्लट अँडरसन आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले, आणि तेही बर्मिंगहॅमहून. पार्सन्स मात्र ते पाहावयास उरला नव्हता. डिकेचा प्रबंध ज्या वर्षी बाहेर पडला त्याच वर्षी, १९५० साली, त्याचे निधन झाले होते.

यापुढचे वैद्यकीय टप्पे झरझर येतात. १९५४ साली पॉली या इंग्रज डॉक्टरने शस्त्रक्रियेच्या वेळी जिवंत आतड्याचा तुकडा घेऊन त्यावरील सूक्ष्म अंकुर झिजलेले असतात हे दाखविले. १९५७ साली क्रॉस्बीची गिळावयाची कुपी निघाली, आणि पोट न फाडता असा तुकडा मिळू लागला. शतकाच्या अखेरीस रक्तातील प्रतिद्रव्यांच्या चाचण्या आल्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते झुरिखमधील काम. प्रादर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली ग्लूटेन वर्ज्य केलेल्या मुलांच्या वाढीचा अभ्यास मांडला. आजारपणात उंची थांबते, पण तिच्यासोबत हाडांचे वयही थांबते. मनगटाच्या क्ष-किरण चित्रात सात वर्षांच्या मुलाचे हाड चार वर्षांचे दिसते. हे मागासलेपण वास्तविक एक राखीव ठेव असते. पाव बंद झाला की असे मूल आपल्या वयाच्या मुलांपेक्षा कितीतरी अधिक वेगाने वाढू लागते आणि हुकलेली उंची भरून काढू पाहते. ठेव मोडावयास वेळ मात्र मर्यादित असतो. हाडांची टोके एकदा मिटली की उंचीचा हिशेब बंद होतो.

हाडांच्या घनतेचा हिशेब त्याहून थोडा अधिक काळ उघडा राहतो. १९८७ च्या सुमारास दुहेरी क्ष-किरणांनी घनता मोजणारी यंत्रे प्रचारात आली, आणि मिलानच्या डॉक्टरांनी त्यांचा या मुलांसाठी चांगला उपयोग करून घेतला. मोल्तेनी व सहकाऱ्यांनी १९९० साली असे दाखविले की लहानपणापासून पथ्य पाळलेल्या प्रौढांची हाडे निरोगी माणसांसारखीच असतात. स्तेफानो मोरा याने १९९३ आणि १९९८ साली मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केले, आणि निदानाच्या वेळी घटलेली घनता केवळ पथ्याने परत येते हे त्यांतून सिद्ध झाले. पार्सन्सच्या पिढीने ज्यासाठी चुना, तेल आणि दिवे एकत्र केले, ते एका धान्याच्या अभावाने साधले. ज्यांचे निदान तिशी-चाळिशीत होते त्यांची हाडे मात्र पथ्यानंतर सुधारली तरी पूर्वपदावर येतीलच असे नाही, कारण आयुष्यभर पुरावयाची अस्थिसंपत्ती मुख्यतः बाल्यात आणि तारुण्याच्या उंबरठ्यावर जमा होते. दुर्दैवाने नेमक्या त्याच वयात मुले मित्रांबरोबर पाव-बिस्किटे खाऊ लागतात आणि पथ्य मोडते, ही सर्व देशांतील डॉक्टरांची समान तक्रार आहे.

आपल्याकडे हा युरोपियनांचा रोग अशी समजूत दीर्घकाळ होती. वालिया, घई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये उत्तर हिंदुस्थानातील मुलांचे वर्णन प्रसिद्ध करून तिला पहिला मोठा धक्का दिला. पुढे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रक्तात या रोगाची प्रतिद्रव्ये असलेल्यांचे उत्तर भारतातील प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येकडील ०.८७ टक्के आणि दक्षिणेतील ०.१० टक्के आढळले. आनुवंशिक खुणांत मोठे अंतर नव्हते, गव्हाच्या सेवनात होते. महाराष्ट्राचे जुने अन्न ज्वारी, बाजरी, नाचणी आणि कोकणात तांदूळ. यांतील एकातही ते घातक ग्लूटेन नाही, आणि नाचणीत तर १०० ग्रॅममागे ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. परंतु गेल्या काही पिढ्यांत शिधापत्रिकेवर गहू आला, भाकरीची जागा पोळीने घेतली, आणि घरोघरी न्याहारीला पाव-बिस्किटे शिरली.

आजचा अनुभवी बालरोगतज्ज्ञ उंचीने खुरटलेल्या, पाय वाकलेल्या आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे डोस देऊनही न सुधारणाऱ्या मुलाच्या रक्तातील प्रतिद्रव्ये तपासून पाहतो, मग त्या मुलाला जन्मात जुलाब झालेले असोत वा नसोत. कारण पुष्कळ मुलांत पोट अवाक्षर काढीत नाही आणि पहिली तक्रार हाडेच नोंदवितात. निदान पक्के झाले म्हणजे खरे कष्ट घरच्या बाईच्या वाट्याला येतात. पोळी, शेवया आणि रव्याचा शिरा बंद करणे एक वेळ सोपे; पण गिरणीत गव्हामागून दळलेले ज्वारीचे पीठही चालत नाही, आणि दिल्लीच्या असोत की पुण्याच्या, आहारतज्ज्ञांना आईला बजावून सांगावे लागते की डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, तेव्हा या मुलाच्या वरणाला फोडणी निराळी द्यावी.